नॉरसेटच्या (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेच्या) एमसीक्यूमध्ये चारही ऑप्शन बरोबर वाटतात, असे फसवे प्रश्न का काढतात? कुठलं पुस्तक वाचू?

फसवे नाहीत हो ते. चारही गोष्टी करायच्याच असतात, प्रश्नात 'सर्वात आधी' काय ते विचारलेलं असतं.

ब्लड चालू आहे, पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखतेय म्हणतोय. ऑप्शन काय, तर डॉक्टरांना कळवा, टेम्परेचर बघा, पॅरासिटामॉल द्या, ब्लड बंद करा. माझ्या नाइटला हेच झालं होतं. मी आधी ब्लड बंद केलं, नवीन सेट लावून एनएसवर (साध्या सलाइनवर) लाइन चालू ठेवली, मग व्हायटल्स (नाडी, बीपी, टेम्परेचर), लगेच डॉक्टरांना फोन, बॅगवरचं लेबल आणि पेशंटचं नाव परत ताडून बघितलं, बॅग सेटसकट ब्लड बँकेत पाठवली. सकाळी इन्चार्ज सिस्टरांनी सगळ्या स्टाफसमोर झापलं, ऑर्डर नसताना ट्रान्सफ्युजन बंद करणारी तू कोण! मला ते आजही पटलेलं नाही. चुकीच्या ग्रुपचं रक्त असेल तर जेवढं जास्त आत जाईल तेवढा धोका, किडनी जाते, जीव जातो, आणि मी फोन लागेपर्यंत थेंब मोजत उभं राहायचं?

सिस्टर कामाला वाघ होत्या, पण त्या आणि मी ज्या परीक्षा देऊन आलो त्यात विचारायचे काय, तर ब्लड ट्रान्सफ्युजनची व्याख्या लिहा, कॉम्प्लिकेशन्स लिहा, नर्सची जबाबदारी लिहा. मुद्दे सगळे आले की मार्क, क्रम कुणी बघतच नाही. खरे वाईट प्रश्न ते आहेत, तुमचे एमसीक्यू नाहीत. अमेरिकेच्या एनक्लेक्स या नर्सिंग लायसन्स परीक्षेत तर एप्रिल २०२३ पासून अख्खी केस देतात आणि कशाला प्राधान्य, आता काय करणार असं टप्प्याटप्प्याने विचारतात, आपल्याकडे पहिल्या वर्षापासून असं का नाही?

पुस्तक कुठलंही चालेल, फक्त बाकीचे तीन ऑप्शन का नाहीत ते वाचा. प्रश्नात धोक्याची लक्षणं दिलेलीच असतील तर परत 'असेस करा' (म्हणजे आधी तपासा) निवडत बसू नका. आणि 'पेशंटला अजून शिकवायची गरज आहे' असं असलं की चुकीचं वाक्य शोधायचं, म्हणजे वॉरफरिनवाला (रक्त पातळ ठेवणारी गोळी, पालकाने तिचा परिणाम कमी होतो) म्हणतो मी आता रोज भरपूर पालक खाणार, ते.

हां, 'कळवा' कायम चूक असतं असं नाही. तुमच्या हातातलं सगळं करून झालंय किंवा उरलेल्या ऑप्शनना ऑर्डर लागते, तेव्हा तेच उत्तर.