यादी नाही पाठवत, त्यापेक्षा हे कर

तुझा मेसेज वाचला. भजनातले, पुराणातले, गाण्यातले सगळे संस्कृत शब्द अर्थासकट एकत्र पाठवा, गाण्याच्या मध्यमा पूर्ण परीक्षेच्या पेपरला पाठ करून टाकतो, असं लिहिलंयस. यादी मी पाठवणार नाही, राग मानू नको. गाईड दुकानात मिळतं, आणि तुझं डोकं चांगलंय, व्याख्या दोन दिवसात पाठ होतील. पण पेपरात वादी-संवादी (रागातला मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार) बिनचूक लिहिणारी पोरं भूप राग गाताना धैवतावर, म्हणजे ध वर, ठाण मांडून बसतात आणि आपण देशकार रागात शिरलो हे त्यांना कळतच नाही, असं मी लई वेळा ऐकलंय. शब्द आधी कानानं शिक, वही नंतर.

भूपाचंच घे की. सा रे ग प ध. देशकाराचे पण हेच पाच, एक स्वर इकडचा तिकडं नाही. भूपाचा वादी गंधार, म्हणजे ग, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकाराचा वादी धैवत, राग सकाळचा, आणि सगळा जीव वरच्या अंगात, पंचम धैवत तार षड्ज (प, ध, वरचा सा) असा. मोबाइलवर दोन्ही एकापाठोपाठ लाव, गवई कुठं थांबायलाय आणि तिथनं कसा परत निघायलाय तेवढंच बघ, दुसरं काही नको. आठवडाभर केलंस की वादी म्हणजे काय ते तुझा गळाच सांगेल.

मग तंबोरा. ॲपमधला नको, खरा. पहिली तार पंचम, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो ना, तो केसभर पुढंमागं सरकवला की जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, उघडते, तार नुसती वाजत नाही, भरून येते. खर्ज नीट लागला आणि तू गप्प बसून ऐकलंस की त्यातनं गंधार ऐकू यायला लागतो. गंधाराची तार तंबोऱ्यात नाहीच, कुणी छेडलेलीही नाही, तरी तो येतो. यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. हे एकदा कानावर पडलं की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही. (आणि मिरजेला जे तंबोरे बनतात त्यांचे भोपळे आपल्या पंढरपूरच्या बाजूला पिकतात, हे आपल्या पोरांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.)

पुराणातले शब्द वेगळे आणि गाण्यातले वेगळे असं तू दोन वह्यात लिहायलास म्हणे, तसं करू नको. वाल्मीकी रामायणाचं बालकांड काढ, दुसरा सर्ग. तमसेच्या काठी व्याधानं क्रौंच पक्षी मारला, वाल्मीकींच्या तोंडून श्लोक निघाला, आणि लगेच ते शिष्याला, भरद्वाजाला, त्याचं वर्णन काय सांगतात बघ: तन्त्रीलयसमन्वितः. म्हणजे तारवाद्य आणि लय यांच्या साथीनं म्हणता येईल असा. त्या घटकेलाच लय हा शब्द आला. पुढं चौथ्या सर्गात कुश-लव गायला बसतात तर कवी त्यांना स्थानमूर्च्छनकोविदौ म्हणतो, स्थान (मंद्र, मध्य, तार) आणि मूर्च्छना (सप्तकातल्या एकेका स्वरापासून धरलेली स्वरांची चढ-उतर) जाणणारे. तुझ्या अभ्यासक्रमातलेच शब्द आहेत हे. फक्त एक ध्यानात ठेव, तिथली मूर्च्छना जुन्या ग्रामपद्धतीतली, म्हणजे सप्तक मांडायच्या जुन्या रीतीतली आहे, आजकाल मैफिलीत षड्ज बदलून दुसऱ्या रागाची छाया दाखवतात ती नव्हे. पेपरात दोन्हीची मिसळ करशील तर मार्क जातील, आणि जावेतच.

भक्तीचं पण तसंच. नवविधा भक्ती तू श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन अशी पाढ्यासारखी म्हणतोस. भागवताच्या सातव्या स्कंधात हे प्रह्लाद म्हणतो, आणि ते कधी, तर बाप विचारतो की गुरूकडं जाऊन चांगलं काय शिकलास ते सांग. समोर हिरण्यकशिपू बसलाय आणि पोरगं न घाबरता उत्तर देतंय. तो प्रसंग डोळ्यासमोर आणून म्हण, आवाज आपोआप बदलेल. दासबोधाचा चौथा दशक सगळा यावरच आहे, सोपी मराठी आहे, आईबरोबर बसून वाच.

आता यादी का नको त्याचं खरं कारण. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरं भरपूर, तुझा तो मित्र कर्नाटक संगीत शिकतो ना, त्याला शुद्ध ऋषभ गायला सांग. तो जो लावेल तो तुझा कोमल ऋषभ असेल. चूक त्याची नाही आणि तुझीही नाही, दोन परंपरांनी तोच शब्द वेगळ्या जागी बसवला. मग यादीत कुठला अर्थ लिहू? तुझा भूप त्याचा मोहनम, तुझा मालकंस त्याचा हिंदोळम. दोघं एक दिवस समोरासमोर बसा, मजा येईल. सोलापुरात राहून हे फुकट मिळतंय, इथं सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं आहेत, तेलुगू भजनं आहेत, वारकऱ्यांचे अभंग आहेत, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तू यूट्यूबवर अर्थ शोधत बसतोस.

आणि कुणी खरज, रिखब, निखाद म्हणालं तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नको. उस्तादांच्या घराण्यात हेच शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी ही विद्या गळ्यात सांभाळली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. लिहिताना षड्ज, ऋषभ, निषाद शुद्ध लिही, षड्जला शडज अजिबात नको, पण ऐकताना मान दे.

पेपरचं म्हणशील तर प्रत्येक व्याख्येखाली तू गातोस त्याच रागातलं चलन, म्हणजे राग स्वरास्वरातनं कसा पुढं सरकतो ते, स्वरलिपीत लिही, दोन ओळी पुरे, परीक्षकाला लगेच कळतं की पोरानं गाऊन लिहिलंय. शनिवारी संध्याकाळी ये, त्या मित्रालाही आण. तंबोरा तूच लावायचा, गंधार येईपर्यंत मी हात लावणार नाही.