टर्बोच्या गाडीला सुपरचार्जरच्या गाडीचा एक्झॉस्ट चालेल का?

प्रश्न : माझ्याकडे चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. मित्राच्या सुपरचार्जर असलेल्या गाडीत इंजिनापासून सारख्या लांबीच्या चार लांब नळ्या निघून पुढे एकत्र येतात. तशाच नळ्या माझ्या गाडीला बसवाव्यात, मात्र सायलेन्सरमध्ये ‘थोडा मागचा दाब’ (बाहेर जाणाऱ्या वायूला होणारा अडथळा) राहू द्यावा, असे नाना पेठेतील एका कारागिराने सुचवले आहे. काय करावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ही सूचना आपण स्वीकारू नये. टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही इंजिनात जादा हवा दाबून भरतात. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, पट्ट्याने फिरतो, त्याला लागणारी शक्ती तो थेट इंजिनाकडून घेतो आणि जळक्या वायूशी त्याचा संबंध येत नाही. त्यामुळे त्या गाडीत हा वायू कमीत कमी अडथळ्याने बाहेर काढणे एवढेच एक्झॉस्टचे काम उरते. लांब नळ्यांमध्ये एका सिलिंडरचा झोत दुसऱ्यातील उरलेला वायू ओढून घेण्यास मदत करतो. अर्थात, हवा आत घेणारा आणि वायू बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असताना आत येणारी दाबाची हवाच बराच वायू ढकलून देत असल्याने, तिथेही लांबीच्या अचूकतेपेक्षा नळीचा पुरेसा व्यास अधिक महत्त्वाचा असतो.

टर्बोचे गणित निराळे आहे. एरवी वाया जाणारी एक्झॉस्टमधील ऊर्जा वापरण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतले, आणि मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा वायू एकत्र आणणाऱ्या नळ्यांची, रचना आजही त्याच हेतूने ठरते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारे टर्बाइन, म्हणजे टर्बोमधील पात्यांचे चाक, वायूच्या उष्णतेवर आणि झोतांच्या जोरावर फिरते. लांब, पातळ नळ्यांतून उष्णता बाहेर झिरपते, वाढलेल्या पोकळीत झोत विरतात आणि कात्रजच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बो उशिरा जागा होतो. म्हणूनच मूळ मॅनिफोल्ड आखूड आणि बहुधा ओतीव असतो. १-३-४-२ या ज्वलनक्रमाच्या इंजिनात ट्विन-स्क्रोल (वायू आत येण्याचे दोन वेगळे मार्ग असलेला) टर्बो असेल, तर १ व ४ आणि २ व ३ या जोड्यांचे मार्ग वेगळे ठेवतात, म्हणजे लागोपाठचे झोत एकमेकांच्या आड येत नाहीत. ही मांडणी मला फार सुंदर वाटते.

टर्बाइनमधून वायू बाहेर पडल्यानंतरच्या नळीत मात्र मागचा दाब म्हणजे निव्वळ तोटाच असतो, कारण दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावरच टर्बाइन चालते. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या साध्या इंजिनात नळी फार रुंद केली की वायूचा वेग मंदावून ताकद घटते. त्यावरूनच दाब हवा असतो, हा गैरसमज पसरला आहे. तरीही मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरची पहिली नळी) परस्पर बसवू नये. त्याने बूस्ट, म्हणजे इंजिनात भरल्या जाणाऱ्या हवेचा दाब, ठरल्यापेक्षा वाढू शकतो. वायूतील प्रदूषक घटक कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे तर प्रदूषणाच्या नियमांत बसतच नाही, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरही बंधने आहेत.

आपण प्रथम बॉनेट उघडून पाहावे : अनेक नव्या टर्बो पेट्रोल इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, आणि तसे असेल तर त्या नळ्या बसवायला जागाच नाही.