आधी माणूस उभा कर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

‘डिसेक्शनच्या टेबलावर बॉडी उताणी असते, मग सुपिरिअर म्हणजे छताकडे की डोक्याकडे?’ हा तुझा प्रश्न वाचला आणि गाडं कुठे अडलंय ते कळलं. तू समोर पडलेल्या माणसाचं वर्णन करतेयस. ॲनाटॉमीतले हे दिशांचे शब्द त्याच्यासाठी नाहीत. ते एका उभ्या माणसाचे आहेत आणि तो तुला दर वेळी मनात उभा करावाच लागतो. ताठ उभा, नजर समोर, पावलं जुळलेली, पायाची बोटं पुढे, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे. बॉडी उताणी असो, पेशंट कुशीवर असो की ऑपरेशनसाठी पालथा घातलेला असो, सुपिरिअर म्हणजे डोक्याकडे. उताण्या बॉडीत छताकडे असतं ते अँटिरिअर, म्हणजे पुढचं.

तळव्यांची अट मुलं सगळ्यात आधी विसरतात. एरवी उभं राहिलं की आपला तळवा मांडीकडे वळलेला असतो आणि अंगठा पुढे येतो. मग अंगठा अँटिरिअर आहे असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तळवा पुढे फिरव. आता अंगठा बाहेरच्या अंगाला, म्हणजे लॅटरल, करंगळी मिडिअल, म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडे, आणि कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं, रेडिअस आणि अल्ना, एकमेकांना समांतर. तळवा मागे फिरवलास की रेडिअसचं खालचं टोक अल्नावरून पलीकडे जातं. तरीही अंगठ्याची बाजू लॅटरलच. हात फिरला, उभा माणूस फिरला नाही.

आता क्लॅविकल, गळ्याखालचं आडवं हाड. तोंडी परीक्षेत, व्हायवात, ते उलटसुलट करून तू ‘लेफ्ट’ म्हणालीस आणि चुकलीस. चुकण्याचं मला काही वाटत नाही, अंदाजाने सांगितलंस त्याचं वाटतं. तीन गोष्टी ठरवायच्या असतात. जाडजूड टोक मिडिअल, छातीच्या मधल्या हाडाकडे; चपटं टोक लॅटरल, खांद्याकडे. मग बाक बघ: मिडिअल बाजूचा २/३ भाग पुढे फुगीर असतो, उरलेला १/३ पुढून खोलगट. मग खालची बाजू: मधल्या भागात सबक्लेव्हिअस स्नायूची पन्हळ असते, डोळे मिटून अंगठा फिरवलास तरी लागते. पन्हळ पुसट असेल तर चपट्या टोकाजवळ मागच्या कडेला कोनॉइड ट्युबरकलचा उंचवटा शोध, तोही खालीच असतो.

तिन्ही दिशा लागल्या की डावं-उजवं आपोआप ठरतं. एक दिशा चुकली तर उत्तर उलटं येतं. पण दोन चुकल्या तर उत्तर बरोबर येतं! नीट विचार कर, कारण धोका इथेच आहे: पुढचं मागे आणि वरचं खाली धरूनही तू ‘राइट’ म्हणशील आणि ते खरं असेल. म्हणून नुसतं डावं-उजवं ऐकून मी कधीच मार्क देत नाही. हाड स्वतःच्या गळ्याखाली धर, तिन्ही दिशा मोठ्याने सांग आणि मग बाजू सांग. मी एका हाडावर तास घालवते अशी तक्रार होते. घालवते, आणि पुढेही घालवीन. सुरुवातीच्या बॅचेसना मी विरुद्धार्थी शब्दांचे तक्ते पाठ करायला लावले, त्याचीच मला खंत आहे. तू पाठवलेला रंगीत तक्ता सुंदर आहे. तो बाजूला ठेव.

काही शब्द दिशेसारखे दिसतात, पण ती भागांची नावं असतात. बेस म्हणजे तळ, पण हृदयाचा बेस मागे असतो, फुप्फुसाचा खाली, पटेलाचा, म्हणजे गुडघ्याच्या वाटीचा, चक्क वर. डॉर्सम म्हणजे पाठ: हाताचं मागे, पावलाचं वर, जिभेचं टाळूकडे. हे मात्र लक्षात ठेवावंच लागतं.

प्लेन्सचं, म्हणजे शरीराच्या कापांचं, इतकं अवघड नाही. काकडी आडवी कापलीस तर चकती, तो ट्रान्सव्हर्स. उभी कापलीस तर सगळे काप सारखेच, कारण काकडीला पुढचं-मागचं नसतं. माणसाला तोंड आहे, म्हणून उभ्या कापांची नावं दोन: डावं-उजवं वेगळं करतो तो सॅजिटल, पुढचं-मागचं वेगळं करतो तो कोरोनल. सीटी स्कॅनची चकती पायांकडून बघायची असते, त्यामुळे पेशंटचं उजवीकडचं लिव्हर तुझ्या डाव्या हाताला दिसतं. उजवं म्हणजे पेशंटचं उजवं, तुझं कधीच नाही.

‘पोकळी’ हा शब्द मात्र फसवतो. फुप्फुसाभोवतीची प्लुरल कॅव्हिटी रिकामी खोली नव्हे. प्लॅस्टिकच्या पिशवीचे दोन ओले पदर जसे एकमेकांवर सरकतात पण सहज सुटत नाहीत, तसे तिचे दोन पदर असतात, मध्ये जेमतेम ओल. फुप्फुस त्या फटीत नसतं, आतल्या पदराच्या आड असतं. फटीत पाणी साठलं की पेशंट बसलाय की झोपलाय हे पहिल्यांदाच महत्त्वाचं ठरतं. बसवून काढलेल्या एक्स-रेत पाणी खाली उतरतं आणि छातीचा खालचा टोकदार कोपरा बोथट दिसतो. त्यालाच उताणं झोपवलं की तेच पाणी फुप्फुसामागे पसरतं आणि ती अख्खी बाजू नुसती धुरकट दिसते. इन्फिरिअरचं, म्हणजे खालचं, पाणी पोस्टिरिअरला, म्हणजे मागे, गेलं. पाणी समोरच्या पेशंटप्रमाणे वाहतं, नावं उभ्या माणसाचीच राहतात. हे दोन्ही एका वेळी डोक्यात ठेवता आलं पाहिजे.

आता फीमर, मांडीचं हाड, घे. गोल डोकं वर आणि मिडिअल, मागे लिनिया अस्पेराची खरखरीत कड. मग पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, घे, ते जास्त छळतं. दोन्हींच्या तीन-तीन दिशा कारणांसकट लिहून रविवारपर्यंत पाठव. बाजू सगळ्यात शेवटी लिही.

मॅडम