दूध पुरेना? आधी लंगोट मोजा

"ताई, दूध पुरेना झालंय. बाळ सारखं रडायलंय." एप्रिलमधल्या एका रात्री पावणेदोनला हा आवाज फोनवर आला. विडी घरकुलात, म्हणजे सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत, माहेरी आलेली पहिलटकरीण, बाळ २४ दिवसांचं. सोलापुरात ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. बहुतेकींना दूध पुरेसं असतं.

सकाळी मी दोन लांबलचक मेसेज पाठवले. ती माझी चूक. फोन भावाचा, दिवसा तो यंत्रमागावर. वाचले त्यानेच, आणि लाजून कुणाला सांगितले नाहीत.

गुरुवारी अंगणवाडीत अंगावर पाजणाऱ्या आयांच्या आमच्या गटाची बैठक असते, तिथे ती आईला घेऊन आली. मग कळलं. उन्हानं लेकराचा घसा वाळतो म्हणून आजी पाणी आणि पाणी घातलेलं गाईचं दूध चमच्यानं पाजत होती. त्यानं पोट भरायचं, बाळ अंगावर कमी ओढायचं, आणि ओढलं कमी की दूधही कमी तयार होतं. शिवाय बाळ नुसतं बोंडूक चोखत होतं; हनुवटी टेकवून, तोंड मोठं उघडून काळा भाग आत गेल्यावर तिचा कळवळणारा चेहरा सैल झाला. हे फोनवर दिसलं नसतं. वजन केलं: जन्माला २ किलो ७००, आता ३ किलो १००. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं.

आजीला मात्र मी पटेना. तेव्हा गटातल्या एका पद्मशाली (तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या) बाईंनी तिच्याच तेलुगूत समजावलं: आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, उन्हाळा असला तरी ६ महिने वरचं पाणी नको. तेच बोलणं रेकॉर्ड करून फोनवरही टाकलं.

आजी विड्या वळणारी, हजाराचा हिशेब तोंडावर. तिला म्हटलं, ओल्या लंगोटामागे विडीचं एक पान डब्यात टाका; वरचं काही न देता दिवसरात्रीत ६ किंवा जास्त झाली तर दूध पुरतंय. कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टर. (आणि विड्या वळून उठलं की साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही, हेही.) दिवसाला ८ ते १२ वेळा पाजणं, संध्याकाळी तर लागोपाठ, हे त्या वयात चालायचंच.

वरचं बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी डब्यात ८ पानं होती.

जूनमध्ये गटात दुसरीनं लिहिलं, "दूध पुरेना." पहिलं उत्तर आलं भावाच्या फोनवरून, तेलुगूत. आवाज आजीचा: डबा घे, पानं मोज.