आजोबांची ७×५७ माउझर मिळाली आहे. १४० ग्रेनची गोळी घ्यावी की १७५ची?

१७५ची. (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, आणि ७×५७ म्हणजे सात मिलिमीटरची गोळी, ५७ मिलिमीटर लांब पुंगळी.) काम शंभर पावलांच्या आतलं, समोर रानडुकरासारखं दणकट जनावर आणि रायफल त्या जुन्या काळातली, तर दुसरा विचारच करू नका. तुम्ही लिहिलंय की रायफल वारसाने तुमच्या नावावर झाली, गोव्यात केप्याला बागायत आहे, डुकरं येतात, आणि कोणीतरी सांगितलं की १४०ची गोळी सरळ जाते, वेगवान असते, म्हणून तिच्यात ताकद जास्त. हे वाक्य मी लहानपणापासून आमच्या घरात ऐकत आलोय. म्हणूनच उत्तर लांबणार आहे.

आमचं घर गोव्यातच, सत्तरी तालुक्यात, वाळपईहून आत, म्हादई नदीच्या बाजूला. मागे कुळागर म्हणजे पोफळी-केळीची बाग, वर काजू, खाली भातशेती. बाबांकडे ७×५७ माउझर होती. पोर्तुगीज अमदानीत आमच्या एका नातलगाने मोझांबिकहून आणलेली. तिच्याबरोबर आलेली काडतुसं सगळी जड, लांब, गोल नाकाच्या गोळीची. बाबांनी कधी दुसरी मागितली नाहीत. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी ती काडतुसं संपत आली, तेव्हा माझ्या मामांनी मुंबईहून एक खोकं आणून दिलं. १४० ग्रेन, टोकदार. मामांचं वाचन दांडगं. वेगाचे तक्ते तोंडपाठ. ‘भावोजी, तुमची गोळी म्हणजे बैलगाडी,’ असं सगळ्यांसमोर म्हणायचे. बाबा काही बोलायचे नाहीत.

पण बाबांनी ती काडतुसं आधी तपासली. आमच्या वाटेवर चिऱ्यांची बंद पडलेली खाण होती, तिच्या भिंतीला पुठ्ठा लावून पन्नास पावलांवरून बार काढले. जड गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. हलक्या गोळ्या चार बोटं खाली आणि पसरून. बाबांचं मत तिथेच ठरलं होतं. मामांचं म्हणणं, दूरवर बघा म्हणजे फरक कळेल. कुळागरात दूर कुठून आणायचं? पोफळींच्या रांगांत चाळीस पावलांपलीकडे दिसत नाही.

नवरात्राच्या आधीचे दिवस. भात पोटरीला आलेलं. एक जुना नर, एकटाच हिंडणारा, मोठ्या सुळ्यांचा, रोज रात्री शेतात उतरून लोळून जायचा. तेव्हा शिकारबंदीचा कायदा यायचा होता, परवाना असला की राखण करता यायची. मचाणावर बाबा, मामा आणि बत्ती धरायला मी. मामांच्या आग्रहाखातर रायफलीत त्यांची १४०ची काडतुसं. बाबांनी जुनी दोन-तीन खिशात ठेवलेली मी पाहिली होती.

डुक्कर आलं ते अगदी वीसेक पावलांवर, आडवं उभं. मी बत्ती टाकली, बाबांनी त्याच्या खांद्यावर बार काढला. जनावर पुढच्या गुडघ्यांवर बसलं, लगेच उठलं आणि वरच्या अंगाला कुळागरात घुसलं. रात्री मागे जायचं नाही हा बाबांचा नियम. पहाटे कुत्री घेऊन माग काढला. रक्त अगदी थोडं. आमचा राखणदार पुढे होता. केळीच्या गड्ड्यातून डुक्कर सरळ त्याच्यावर आलं. मांडी गुडघ्यापासून वर फाडली. मध्ये पडलेली कुत्री जागच्या जागी मेली. बाबांनी खिशातलं जुनं काडतूस घातलं आणि बाजूने एकच बार काढला. डुक्कर तिथेच पडलं. गोळी या अंगाने शिरून त्या अंगाने बाहेर गेलेली. राखणदाराला खाटल्यावर घालून वाळपईला नेला. तो वाचला, पण पुढे आयुष्यभर लंगडत चालला, आणि तरी आमच्याकडेच काम करत राहिला.

दुपारी डुक्कर सोललं तेव्हा मी तिथेच होतो. रात्रीची जखम खांद्यावर, जिथे हवी तिथेच. नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली एक जाड, चिवट थर असतो, तो ढालीसारखा. हलकी गोळी त्या थरात आणि खालच्या हाडावर फुटली होती. तांब्याचं कवच चुरगळून एका जागी, शिशाचे कण मांसात विखुरलेले, खांद्याच्या फऱ्याला टवका. फुप्फुसापर्यंत काहीच पोहोचलं नव्हतं. मी बोट घालून पाहिलं आहे. मामांना बोलावलं, ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुंबईला गेले. पुढच्या चतुर्थीला घरभर गोष्ट झाली होती की ‘भावोजींचा हात थरथरला, नेम पुढे गेला.’ दरवर्षी चतुर्थीला ती गोष्ट व्हायची, आणि बाबा नैवेद्याच्या पानावर मान खाली घालून जेवायचे. दोघेही आता नाहीत. मामांची मुलं अजून तेच सांगतात. नेम चुकला नव्हता. गोळी चुकीची होती.

आता कारणं, म्हणजे कोणी ‘हा घरगुती राग आहे’ म्हणायला नको.

हे ७×५७ काडतूस जर्मनीच्या माउझरने १८९२च्या सुमाराला काढलं, स्पेनने १८९३ साली सैन्यात घेतलं. तेव्हाची गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे ११.२ ग्रॅम, गोल नाकाची, वेग सेकंदाला ७०० मीटरच्या आसपास. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खोबणी, साधारण २२ सेंटिमीटरला एक वेढा, इतके घट्ट, ते लांब गोळी स्थिर ठेवायलाच. आणि काडतुसाच्या पुढे आटे सुरू होईपर्यंतची जागाही त्या लांब गोळीच्या मापाची, ऐसपैस. आखूड गोळी घातली की ती आट्यांना भिडण्याआधी मोकळ्या जागेत उडी मारते. कुठल्या रायफलीला ते चालतं, कुठलीला नाही. आमचीला चालत नव्हतं. टोकदार हलकी गोळी नंतरच्या काळातली आहे, तुमच्या रायफलीची नळी आणि माशी (नेम धरायची खूण) तिच्यासाठी केलेली असण्याची शक्यता कमी.

ताकदीचं म्हणाल तर हिशेब करा. कारखान्याचं १४०चं काडतूस सेकंदाला २६६० फुटांनी सुटतं, जोर सुमारे २२०० फूट-पौंड. १७५चं २४४० फुटांनी सुटलं तर सुमारे २३००. म्हणजे कागदावरही हलकी गोळी पुढे नाही. शंभर मीटरवर दोघींच्या घसरणीत फरक दोनेक सेंटिमीटरचा. आत शिरण्यासाठी महत्त्वाचं असतं ते जाडीच्या मानाने वजन. तो आकडा १४०ला ०.२४८ आणि १७५ला ०.३१०. गोळी जड, वेग बेताचा, त्यामुळे हाडावर आपटूनही ती एकसंध राहते आणि पुढे जात राहते.

मामा नेहमी जिम कॉर्बेटचं नाव पुढे करायचे. कॉर्बेटकडे रिग्बी कंपनीची .२७५ रायफल होती हे खरं, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली भेट मिळालेली, आणि .२७५ म्हणजे हेच ७×५७. पण वाघाच्या खांद्यावर डुकरासारखी ढाल नसते. शिवाय त्याच कॉर्बेटकडे याहून भारी, .४५०/४०० ची दुनळीही होती, ती कशाला ठेवली असेल? आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने याच काडतुसाने हत्ती मारले, ते १७३ ग्रेनच्या पूर्ण कवचाच्या, म्हणजे नाकही धातूने झाकलेल्या गोळीने, मेंदूचा नेम धरून. तुम्ही तसली पूर्ण कवचाची गोळी घेऊ नका, ती आरपार जाऊन मागे कोण असेल त्याला लागेल. मऊ नाकाची (टोकाला शिसं उघडं असलेली), गोल, १७५.

एक फार महत्त्वाचं, जे मी आधी लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल: नळीवर काय कोरलंय ते आधी वाचा. गोव्यात जुनी माउझर म्हणजे ७×५७च असं धरून चालू नका. पोर्तुगीज सैन्याची १९०४ची माउझर-व्हर्गेरो ६.५×५८ होती आणि १९३७ची माउझर ७.९२ मिलिमीटरची. घरात ‘माउझर’ म्हणून सांभाळलेली रायफल यांपैकी निघू शकते. ‘७×५७’ किंवा ‘.२७५’ स्पष्ट दिसत नसेल तर एकही बार काढू नका. ७×५७च असली तरी १८९३-९५च्या बनावटीच्या बोल्टला (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) मागचा तिसरा सुरक्षेचा कान, म्हणजे दांडा अडवून धरणारा उंचवटा, नसतो, १८९८च्या बनावटीला असतो. जुन्या बनावटीत भारी दाबाची नवी युरोपीय काडतुसं घालू नका. अमेरिकन कारखाने या जुन्या रायफलींच्या काळजीनेच हे काडतूस सौम्य भरतात. परवानाधारक बंदूक-कारागिराकडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) तपासून घ्या. आजोबांच्या पेटीतली काडतुसं वापरायची तर नाहीच. हिरवी पडलेली असतील तर हातही लावू नका, ठाण्यात कळवा.

मिळण्याचं म्हणाल तर कठीण आहे. आपला सरकारी कारखाना .३१५ या देशी रायफलीची काडतुसं काढतो, तीही एकाच २४४ ग्रेन वजनात, म्हणून .३१५वाल्यांना हा प्रश्नच पडत नाही. ७×५७ परदेशी, मोजकी आणि महाग. परवान्यावरच्या मर्यादेत जी मिळतील ती एकाच वजनाची, एकाच खोक्यातली घ्या आणि मग वजन बदलू नका. परवान्याशिवाय घरी काडतुसं भरायच्या भानगडीत पडू नका.

आणि डुकराबद्दल. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर पीक खातं म्हणून आपणहून मारता येत नाही. कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती हातात नसेल तर तुमची रायफल नेमबाजीच्या मैदानावर आणि कपाटात. गव्यावर तर रोखूसुद्धा नका, तो गोव्याचा राज्यप्राणी आहे. बागेसाठी तोवर चर खणा, कुंपण करा, नुकसानभरपाईचा अर्ज टाका.

हल्लीच्या अखंड तांब्याच्या १४० ग्रेन गोळ्या फुटत नाहीत, खोल जातात, हे मला माहीत आहे. तसली मिळाली आणि तुमच्या नळीला मानवली तर माझी हरकत नाही. मी सांगतोय ते शिशाच्या, पातळ कवचाच्या गोळीबद्दल, आणि मामांच्या खोक्यात तीच होती.

नळीवरचा आकडा आणि बोल्टच्या मागच्या कानाचं काय दिसतं ते लिहा, मग कुठल्या दाबाची काडतुसं चालतील ते सांगतो.