हरलेल्या उमेदवारांनाही वर्गात आणा

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. २०२७ च्या जुलैत राष्ट्रपतिपदाची निवडणूक येईल, म्हणून हा भाग नीट शिकवायचं ठरवलं आहे. पण ‘मतमूल्य’, म्हणजे एका मतदार खासदार-आमदाराच्या मताचं वजन, म्हटलं की मुलं फक्त वहीत उतरवून घेतात. आणि उमेदवारांबद्दल बोलायला गेलं की पक्ष येतोच. वर्गात सगळ्या पक्षांच्या घरची मुलं आहेत. उद्या पालक आले आणि ‘बाई राजकारण शिकवतात’ म्हणाले तर? एका मुलानं विचारलं, ‘सचिन खासदार होता, मग त्यानं राष्ट्रपतीला मत दिलं असेल ना?’ काय सांगू?
— एक शिक्षिका

उत्तर : त्या मुलाचं माझ्याकडून कौतुक करा. धडा तिथूनच सुरू करा.

सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेत होते आणि या काळात राष्ट्रपतिपदाच्या दोन निवडणुका झाल्या, २०१२ आणि २०१७. त्यांना एकाही निवडणुकीत मत नव्हतं, कारण ते राष्ट्रपतींनी नेमलेले खासदार होते. मत फक्त निवडून आलेल्या खासदारांना आणि विधानसभेच्या निवडून आलेल्या आमदारांना. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. म्हणजे शिक्षक मतदारसंघातून आपण जे आमदार पाठवतो, त्यांनाही नाही! हे सांगितलं की वर्ग जागा होतो. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र नियुक्त खासदारही मतदार असतात. दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका.

मतमूल्याची व्याख्या फळ्यावर लिहूच नका. भागाकार करायला द्या. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. आमदार २८८. भागा, मग हजारानं भागा. १७५ येतात. सिक्कीमची २,०९,८४३ आणि आमदार ३२. उत्तर साडेसहाच्या थोडं वर, म्हणून ७. गोव्याचे २०, उत्तर प्रदेशचे २०८. माझ्या वर्गात मी प्रत्येक बाकाला एक राज्य देत असे आणि गुलाबी कागदाच्या चिठ्ठ्या वाटत असे, कारण आमदारांची मतपत्रिका खरोखर गुलाबी असते, खासदारांची हिरवी. सिक्कीमचा बाक दरवर्षी भांडायचा, ‘आमचं मत एवढंसंच का?’ भांडू द्यावं. मग विचारावं, तुमच्या आमदाराच्या मागे माणसं किती? महाराष्ट्राच्या आमदारामागे पावणेदोन लाख, सिक्कीमच्या आमदारामागे साडेसहा हजार. उत्तर त्यांचं त्यांना सापडतं.

पुढचा प्रश्न हमखास येतो : १९७१ चाच आकडा का? ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये म्हणून. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीनं हा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवला आहे. हे बरोबर की चूक, यावर मुलांना तासभर बोलू द्या. तुम्ही मत देऊ नका.

आता उमेदवार. इथे माझं म्हणणं ठाम आहे. ज्या मुलाला फक्त जिंकलेल्याचं नाव माहीत आहे, ते सामान्यज्ञान शिकलं, निवडणूक नाही शिकलं. कलामसाहेब सगळ्यांना माहीत असतात. पण २००२ मध्ये त्यांच्यासमोर आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पलटणीच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल उभ्या होत्या, हे किती मुलांना ठाऊक आहे? कलामांना ९,२२,८८४ मतमूल्य मिळालं, सहगल यांना १,०७,३६६. पराभव दिसत असतानाही एखादी व्यक्ती का उभी राहते, हा प्रश्न नववीच्या मुलांना नक्की पेलतो.

आणि १९६९ ची निवडणूक तर सोडूच नका, कारण तिच्यात आपला माणूस आहे. चिंतामणराव देशमुख, रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. ते तिसरे आले, १,१२,७६९ वर. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८, अपक्ष व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. कोणीच पोचलं नाही, म्हणून मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. त्यात रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना जेमतेम १८,५६२. तरी जिंकले गिरीच, कारण त्यांना थोडीच हवी होती. ही बेरीज फळ्यावर मुलांकडून करून घ्या. त्याआधी सहलीच्या ठिकाणासाठी पहिली-दुसरी-तिसरी पसंती लिहून घेऊन एक मतदान घ्या, म्हणजे पसंतीक्रम हाताला कळतो.

पालकांची भीती रास्त आहे, पण त्या भीतीपोटी धडा पातळ करू नका. जुन्या निवडणुका आधी घ्या. त्यांचा ताप उतरलेला असतो. २००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही तिनं भैरोसिंह शेखावत यांच्याऐवजी जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे अमुकलाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. मग २०२२ : द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३, यशवंत सिन्हा ३,८०,१७७. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न लावा. आधी काय काम केलं? कोणी सुचवलं? राष्ट्रपती झाल्यावर कोणते अधिकार हाती येतात? आणि ज्याच्या घरी एका उमेदवाराचा जयजयकार चालतो, त्या मुलाला दुसऱ्या उमेदवाराची ओळख लिहायला द्या. प्रामाणिकपणे, वाचणाऱ्याला त्या उमेदवाराबद्दल आदर वाटेल अशी. मी हे अनेक वर्षं केलं. पालकांची तक्रार आली नाही, उलट वह्या घरी वाचल्या गेल्या.

मुलांना आवडेल असं एक सांगते. २०२२ मध्ये मतपेट्या विमानानं दिल्लीला नेताना त्यांच्यासाठी वेगळं आसन राखलं होतं आणि तिकीट होतं ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाचं.

जमल्यास तुमच्या मतदारसंघाच्या आमदारांना शाळेत बोलवा, ते कोणत्याही पक्षाचे असोत. मुंबईच्या विधान भवनात मतदान कसं होतं, निवडणूक आयोगाचा जांभळ्या शाईचा पेनच का वापरावा लागतो, दुसरी पसंती लिहावी की न लिहावी, हे ज्यानं केलं आहे त्याच्या तोंडून ऐकू द्या. ‘मत कोणाला दिलं?’ हे मात्र विचारायचं नाही, एवढं मुलांना आदल्या दिवशी बजावून ठेवा. मतदान गुप्त असतं.