‘मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?’

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होते आहेस हे कळलं, फार आनंद झाला. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. पद मिळालं, खोलीही मिळेल. त्या खोलीत बसून नेमकं काय करायचं, हे मात्र प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवून ठेवतो. मुख्याध्यापकांना वाटतं, दंगेखोर पोरं सरळ करायला तू आलीस. पालकांना वाटतं, तू मुलाला अभ्यासाला लावशील. आणि मुलं एकमेकांना सांगतात, ‘डोक्यात बिघाड असला की तिकडे पाठवतात.’

म्हणून पहिल्या महिन्यात खोलीत बसूच नकोस. पाचवी ते दहावी प्रत्येक वर्गात जा, तू कोण आहेस ते सांग. सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट कर: माझ्याशी बोललेलं माझ्याकडेच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला, शरीराला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावंच लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करेन. हे वाक्य वर्गात म्हण, खोलीत पहिल्या भेटीतही म्हण. कारण एखादी सातवीतली मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत विचारणारच, ‘मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?’ त्या क्षणी तिला धीर द्यायला ‘नाही सांगणार गं’ असं तोंडून निघून जातं. तसं वचन देऊ नकोस. पुढच्याच वाक्यात ती जे सांगेल, ते कदाचित तुला सांगावंच लागणार असतं, आणि मग तिच्या लेखी तूही फसवणाऱ्यांतलीच होतेस.

लैंगिक अत्याचाराबद्दल तर कायद्याने तुझ्या हातात पर्याय ठेवलेलाच नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की आपलं काम झालं, असं समजू नकोस. ‘आधी शाळेच्या पातळीवर बघू’, ‘त्या शिक्षकांची नोकरी जाईल’, ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे सगळं तुला ऐकवलं जाईल. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. हे कलम शांतपणे त्यांच्यासमोर ठेव. पुष्कळदा तेवढ्यानेच सूर बदलतो. नाही बदलला तर तू स्वतः कळव. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरूनही मदत मिळते.

असं काही सांगणाऱ्या मुलाची किंवा मुलीची उलटतपासणी करू नकोस. ‘नक्की का?’, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे प्रश्न तुझ्या खोलीत उच्चारलेच जाऊ नयेत. जेवढं सांगितलं तेवढं, मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेव. पाच जणांसमोर पाच वेळा वदवून घेणं थांबवणं, हेही तुझंच काम. जबाब घ्यायला येणारे पोलीस गणवेशात नसावेत, मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी जबाब घ्यावा, हे कायद्यातच आहे. पालकांना ते माहीत नसतं, तू सांग.

जिवाला धोका हा दुसरा प्रसंग. हाताच्या बाहीखाली ब्लेडचे व्रण दिसले, किंवा निबंधात, वहीच्या मागच्या पानावर काही लिहिलेलं आढळलं, तर सरळ विचार: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचा दिलासा वाटतो. मग त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, शाळेच्या बसने एकटं पाठवायचं नाही. पालकांना बोलावून समोर बसवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचेपर्यंत पाठपुरावा करायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांना लिहून दे, तो चोवीस तास चालतो. तू उपचार करणारी नाहीस, निदान करणारीही नाहीस. योग्य दारापर्यंत नेणारी आहेस, आणि हे काम मुळीच कमी नाही.

बाकी दिवस असे नसतात. बाकी दिवशी शिपाई एखाद्या मुलाला चिठ्ठीसकट आणून सोडतो: ‘अभ्यास करत नाही, समज द्यावी.’ समज देण्याआधी त्याची वही माग. तोंडी उत्तरं फडाफड देणारा आठवीतला मुलगा ‘घर’चं ‘धर’ लिहितो, काना-मात्रा गाळतो, जोडाक्षर आलं की खाडाखोड करतो, आणि दर पानावर लाल शाईत ‘अक्षर सुधार’ असा शेरा असतो. त्याला अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही लिहिण्या-वाचण्यात येणारी अडचण, असू शकते. तपासणी वेळेत झाली, प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीव, नायर, केईएम यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते, पण तारखा लांबच्या मिळतात. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून उपयोग नाही. आठवीतच पालकांना तयार कर. ‘आमच्या मुलाला अपंग ठरवता का?’ असं ते चिडून म्हणतील. बोलू दे त्यांना. दुसऱ्यांदा बोलव, आजी घरात निर्णय घेत असेल तर तिलाही बोलव.

कल चाचण्या, करिअर मार्गदर्शन हेही करशील, त्यात अवघड काही नाही. फक्त चाचणीच्या निकालावरून कुणाला ‘सायन्स जमणार नाही’ असं ठासून सांगू नकोस.

आता एक नाजूक भाग. शिक्षक-खोलीत डबा खाताना कुणीतरी सहज विचारेल, ‘काय गं, त्या नववी ब मधल्या मुलीचं काय झालं?’ चौकशी आपुलकीचीच असते. तरी घरातलं भांडण, वडिलांचं पिणं, प्रेमप्रकरण यातलं काही तिथे बोलायचं नाही. वर्गशिक्षिकेला जेवढं वर्गात उपयोगी आहे तेवढंच सांग: ‘महिनाभर तिला पुढच्या बाकावर बसवा, गृहपाठावरून सगळ्यांसमोर बोलू नका.’ नोंदी कुलूपबंद कपाटात ठेव, किल्ली तुझ्याकडे. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाचं नावही येता कामा नये. आणि खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून देत असतील तर आग्रहाने दुसरी माग. ग्रंथालयाच्या बाजूची चालेल. मुलांना येता-जाता कुणी पाहणार नाही, एवढं बघ.

बदली तास, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन यांत तुला ओढतील. अधूनमधून कर, त्याने शिक्षकांशी नातं जमतं. पण शिस्त समितीवर बसू नकोस. मुलांना शिक्षा ठरवणाऱ्या टेबलावर तू दिसलीस, की तुझ्या खोलीकडे कुणी फिरकणार नाही. मुख्याध्यापकांना हे रुजू होण्याच्या आठवड्यातच सांग, जमलं तर लेखी दे. त्या पत्राचा मसुदा करून मला पाठव, मी बघून देते.

तुझी,
मॅडम